मुका केलेला कॉम्प्युटर

बटण दाबलं. आतला पंखा फिरायला लागला. ढोलकीवर कुणी दोन बोटं मारावीत तसा एक आवाज आला आणि पुढं काहीच नाही.

मी वाट बघितली. एरवी मिनिटभरात स्क्रीन रीडरमधली ती बाई बोलायला लागायची. कोणती खिडकी उघडी आहे, किती पत्रं आली आहेत, सगळं ती मला मराठीत सांगायची. मी बाण दाबले, एंटर दाबलं, चार कळा एकदम दाबल्या. कॉम्प्युटर गप्प होता.

"दादा!" मी हाक मारली. "हा बोलत का नाही?"

सन्मतीदादा बाहेर बूट घालत होता. बुधवारी दुपारी त्यानं माझा कॉम्प्युटर 'सर्व्हिसिंगला' म्हणून दुकानात नेला होता आणि आज, गुरुवारी, सकाळी उठून स्वतः परत आणून टेबलावर जोडला होता. मी मागितलं नव्हतं. स्लो झालाय म्हणून मी कधी तक्रारही केली नव्हती.

तो दारापर्यंत आला. "व्हायरसनं सगळं खाल्लं होतं बघ. फॉरमॅट मारला. आता लिनक्स टाकलंय, फुकट असतंय आणि हलकंही. जुन्या मशीनला तेच बरं."

"आणि स्क्रीन रीडर?"

"ते विंडोजवरचं होतं. यात चालत नाही."

"मग मी काय करायचं यावर?"

"बघू की पुढच्या आठवड्यात. काहीतरी करू."

"मला शनिवारी काम आहे."

"काय काम?"

"आहे."

तो पुढं काही विचारेल असं मला वाटलं. त्यानं विचारलं नाही. गाडीला किक मारली आणि गेला. मी तशीच मुक्या कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. मागून आईची हाक आली, "पद्मे, कुशीवर कर गं मला."

मी जन्मापासून आंधळी. त्या वर्षी मला एकतीस पूर्ण झाली होती. मिरजेत दादाच्या घरी आम्ही चौघं राहत होतो. दादाचं मोबाईल-कॉम्प्युटरचं दुकान, त्रिशलावहिनी शाळेत शिक्षिका, आई अंथरुणावर आणि आईचं सगळं बघणारी मी. अडीच वर्षांपूर्वी आईची डावी बाजू लुळी पडली होती. अंघोळ, भरवणं, औषधं, बेडपॅन, दर दोन तासांनी कूस बदलणं हे सगळं माझ्याकडं होतं. वहिनीची सकाळची शाळा असायची, ती बाराला घरी यायची. माझं टेबल आईच्याच खोलीत होतं. आईची हाक ऐकू यायला हवी म्हणून मी कानाला कधी हेडफोन लावला नाही. कॉम्प्युटर जे काही वाचायचा ते स्पीकरवर.

ते काम म्हणजे काय, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यात अंधांसाठी पुस्तकं तयार करणारी एक संस्था होती. तिला मुद्रितशोधक हवा होता, आणि तो अंध असला तर उत्तमच, असं त्यांच्या जाहिरातीत होतं. राहायला वसतिगृह. मी अर्ज केला होता. शनिवारी सकाळी नऊला ते एक मजकूर मेलनं पाठवणार होते, त्यातल्या चुका काढून बाराच्या आत परत पाठवायचा होता. ज्यानं त्यानं आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर.

एम. ए. मराठीला मी विद्यापीठात तिसरी आले होते. त्यानंतरची सहा वर्षं मी कुणाकुणाच्या भाषणांच्या कॅसेटी ऐकून टाईप करत बसले होते. हे पहिलं काम असं होतं की ज्याला मीच पाहिजे होते.

गुरुवारचा दिवस मी कळा दाबण्यात घालवला. रात्री दादाला पुन्हा विचारलं. "विंडोजच परत टाक ना."

"सीडी सापडत नाही ती. आणि आता ते जुनं टाकून उपयोग नाही पद्मा, मला कळतंय ना त्यातलं."

त्यातलं त्याला कळत होतं, हे खरंच होतं. अख्ख्या मिरजेला ते माहीत होतं. फ्रिज घ्यायचा असो की मोबाईल, लोक आधी सन्मती मगदूमला विचारायचे. नको असलेली वस्तू तो गळ्यात मारत नाही, अशी त्याची ख्याती होती. म्हणून तो 'चालत नाही' म्हणाला तेव्हा मी विश्वास ठेवला. राग आला होता, पण निष्काळजीपणाचा. न विचारता केलंस म्हणून.

शुक्रवारी बाराला वहिनी शाळेतून आली तशी मी काठी घेतली, रिक्षा केली आणि दुकानात गेले. ठरवलं होतं, नवा लॅपटॉप मागायचा. हप्त्यानं, उसना, कसाही. उद्या सकाळपर्यंत.

दुकानात गिऱ्हाईक होतं. एक म्हातारे गृहस्थ, आवाजावरून निवृत्त मास्तर वाटत होते. दादाला मी आल्याचं दिसलं नसावं. मी पंख्याखाली उभी राहिले.

"मंडळींसाठी घ्यायचाय," मास्तर म्हणत होते. "मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्याशी बोलायला. मोठा टचवाला मोबाईल दाखवा, भारीतला."

"थांबा मास्तर," दादा म्हणाला. "भारी-हलकं नंतर. वापरणार कोण ते आधी सांगा. काकूंना दिसतंय कसं? ऐकू येतंय?"

"दिसतंय. हात जरा थरथरतो."

"मग टच नको. बोट एकीकडं ठेवायला जातील, उघडेल दुसरंच, आणि आठ दिवसांत कंटाळून ठेवून देतील. त्यांना बटणाचं काहीतरी पाहिजे. लॅपटॉप घ्या, मोठ्या कळांचा. सिस्टीम म्हणाल तर मुलगा जी वापरतोय तीच घ्या, म्हणजे काही अडलं तर त्याला फोनवर सांगता येईल. आणि दुकानातून नेण्याआधी काकूंना इथं बसवा, त्यांच्या हातानं एकदा फोन लावू दे. माणसाला मशीन जमायला पाहिजे मास्तर, मशीनला माणूस नव्हं."

मास्तर खूश झाले. "हे तुमचं बरं असतं बघा."

मास्तरांच्या बायकोचा हात थरथरतो, तर हा माणूस त्यांच्या कळांचा आकार बघत होता. आणि माझ्या कॉम्प्युटरमधला आवाज काढताना याला एक शब्द विचारावासा वाटला नाही? हा विसरला? हा?

विसरणं शक्य नव्हतं. तिथं, पंख्याखाली उभ्या उभ्या, मला पहिल्यांदा ते कळलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला रेहाना बसायची. रेहाना मुल्ला, दादाची मेकॅनिक. चार वर्षं ती तिथं होती आणि मशीन उघडायचं काम सगळं तीच करायची. सोल्डरिंगच्या वासावरून मी तिच्या टेबलाशी गेले.

"रेहाना, माझा कॉम्प्युटर तूच फॉरमॅट केलास?"

"हो ताई." तिचा आवाज बारीक झाला.

"लिनक्सवर स्क्रीन रीडर चालतो का?"

तिच्या हातातलं काहीतरी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मला खरं सांग."

"चालतोय की ताई. बाहेरून घालावं पण लागत नाही, त्यातच असतोय. चालू करायचा फक्त."

"मग माझ्यात?"

"बंद ठेवायला सांगितलं सरांनी. मी दोनदा विचारलं. म्हटलं, ताई कसं वापरणार? ते म्हणाले, तू तुझं काम कर."

"रेहाना!" दादा काउंटरवरून ओरडला.

मी वळले आणि हातातली काठी काउंटरच्या काचेवर आपटली. काच फुटली नाही. फुटली असती तर बरं वाटलं असतं.

"व्हायरस होता?" मी विचारलं. "कोणता व्हायरस होता दादा? नाव सांग की त्याचं."

"पद्मा, घरी बोलू."

"इथंच बोल. मास्तर, तुम्ही जाऊ नका, थांबा. हा तुम्हाला खरं सांगतो, सगळ्या गावाला खरं सांगतो. बहिणीला सांगतो, यात चालत नाही. दोन दिवस मी त्या डब्यासमोर बसलेय. दोन दिवस! तू येता-जाता मला कळा दाबताना बघितलंस आणि जेवायला बसलास!"

"हळू बोल. लोक बघायलेत."

"बघू देत. मला नाही दिसत."

कुणीतरी दाराशी थांबलं होतं, चपलांचा आवाज आला. मास्तर खोकले. दादा काउंटरमागून बाहेर आला, माझा दंड धरला. मी झटकला.

"पुण्याला जाऊन काय करणार आहेस तू?" तो एकदम म्हणाला. दबलेल्या आवाजात, पण तोही आता चिडला होता. "वसतिगृहात राहणार? रस्ता कोण ओलांडून देणार? आणि आईचं कोण बघणार? त्रिशला नोकरी सोडणार, का मी दुकान बंद करू?"

म्हणजे त्याला माहीत होतं. पुणं माहीत होतं, वसतिगृह माहीत होतं, शनिवारही माहीत असणार.

"तुला कुणी सांगितलं?"

तो बोलला नाही.

"वहिनीनं ना? कॉम्प्युटर पत्र वाचताना ऐकलं असेल तिनं."

मास्तर "येतो मी" असं पुटपुटून निघून गेले. मी काठी उचलली आणि बाहेर पडले. रस्त्यावर येऊन रिक्षाला हात करत होते तेवढ्यात मागून रेहाना धावत आली.

"मी येते ताई. चालू करून देते."

"तो काढेल तुला कामावरून."

"काढू देत. माझ्याइतकं काम मिरजेत दुसरं कोण करतंय ते बघू दे त्यांना." रिक्षात बसल्यावर मात्र ती घाबरलेली होती.

घरी आल्यावर तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. माझा हात धरून तिनं तीन कळांवर बोटं ठेवली. "हे तिन्ही एकदम दाबायचं. बंद झाला तर परत दाबायचं. म्हणजे कुणाला विचारायला नको."

मी दाबलं. कॉम्प्युटर बोलला. पत्र्याच्या डब्यातून बोलावं तसा पुरुषाचा आवाज, आणि तो हिंदी होता. त्या मशीनवर मराठी आवाज नव्हता. रेहानानं दीड तास खटपट केली, पण जमलं नाही. देवनागरी तो वाचायचा, पण भय्यासारखा. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला 'ळ' येत नव्हता. 'काळ' आणि 'काल' त्याला एकच. 'गोळी'ला 'गोली', 'फळी'ला 'फली'. मला उद्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या होत्या, आणि ज्याच्या कानानं काढायच्या तो 'ळ' आणि 'ल' सारखाच बोलत होता.

रेहानानं मेल जोडून दिला, जाताना पिशवीतून हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "हा राहू दे. आवाज कर्कश आहे, आईंना त्रास व्हायचा."

संध्याकाळी आईला मऊभात भरवत होते. रागात चमचा तिच्या दातावर लागला. वहिनी स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती.

"वहिनीला विचारणार आहे मी," मी म्हटलं. "चोरून ऐकायचं आणि नवऱ्याला सांगायचं, ही कसली रीत?"

आईनं घास गिळला. "तिला काय बोलू नकोस. तिला ठाऊकच नाही."

"मग कुणाला ठाऊक?"

"इथं कोण असतंय दिवसभर? तुझा डबा बोलतोय, मी ऐकतीय. पुण्याचं पत्र आलं त्या दिवशी मी जागी होते. मीच सांगितलं सन्मतीला. म्हटलं, तिचं मशीन काहीतरी कर. तो नको म्हणत होता. दोन दिवस मागं लागले तेव्हा तयार झाला."

भाताची वाटी माझ्या मांडीवर होती. ती गरम होती हे मला आठवतं. बाकी काही क्षण काही आठवत नाही.

"आई, तू?"

"हं."

"मला शाळेत घालायला तू आप्पांशी, सख्ख्या नवऱ्याशी भांडली होतीस. सगळं भावकीतलं माणूस म्हणत होतं, आंधळ्या पोरीला शिकवून काय करायचंय. तू एकटी मला घेऊन पुण्याच्या अंधशाळेत गेलीस. सात वर्षांची होते मी. तेव्हा नाही तुला भीती वाटली, रस्ता कोण ओलांडून देईल म्हणून?"

"तेव्हा माझे दोन्ही हात चालत होते," आई म्हणाली.

मी वाटी खाली ठेवली. "म्हणजे माझ्यासाठी नाही केलंस. स्वतःसाठी केलंस."

"हो," ती म्हणाली. "स्वतःसाठी केलं. परक्या बाईनं माझं धुवायचं, मला नको. तू पाहिजेस मला."

ती रडली असती, माफी मागितली असती, निदान माझ्या काळजीचं खोटं कारण दिलं असतं, तर मला काहीतरी करता आलं असतं. ती सरळ बोलली. दादावर ओरडता आलं होतं, काठी आपटता आली होती. इथं काय आपटायचं? मी उरलेला भात भरवला, तोंड पुसलं, औषध दिलं. सगळं केलं आणि एक शब्द बोलले नाही. त्या रात्री कूस बदलतानाही बोलले नाही. तिला कळावं म्हणून हात मुद्दाम कडक ठेवले.

शनिवारी साडेआठला आईचं सगळं आवरलं. वहिनी शाळेत गेलेली, दादा दुकानात. नऊला पाच मिनिटं असताना मी टेबलाशी बसले आणि रेहानाचा हेडफोन दोन्ही कानांवर चढवला. अडीच वर्षांत पहिल्यांदा. एक कान मोकळा ठेवता आला असता. मला सुचलं होतं ते. मी नाही ठेवला.

नऊला मजकूर आला. सहा पानं, एका आजोबांच्या शेतीच्या आठवणी. आणि जिकडं तिकडं 'ळ' पेरलेला. मळा, फाळ, वळीव, केळी, जोंधळा. पहिल्या वाचनात चुका अठ्ठावीस सापडल्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या, गळलेल्या शब्दांच्या. पण त्या हिंदी बाबाचा भरवसा नव्हता. मग मला एक सुचलं. 'ल' आणि 'ळ' एकाच कळेवर असतात, शिफ्ट धरली की 'ळ'. मी शोधायच्या खिडकीत 'ळ' घातला आणि एकेक 'ळ' गाठत गेले. मग 'ल' घातला आणि प्रत्येक 'ल'पाशी थांबून विचारलं, इथं तूच हवास ना? दोनशेच्या वर होते ते. 'मला' जिथं 'मळा' हवा होता, 'काल' जिथं 'काळ' हवा होता. असे बारा सापडले. घाम कानांमागून हेडफोनच्या फोमात मुरत होता. दादा, आई, पुणं, काही डोक्यात नव्हतं. अकरा छप्पनला मी मजकूर पाठवला. 'भेज दिया गया' असं काहीतरी तो बोलला आणि मी हेडफोन काढला.

पहिल्यांदा वास आला.

मी उठून पलंगाशी गेले. चादरीला हात लावला. ओली होती, आणि गारही झाली होती. म्हणजे बराच वेळ झाला होता. लघवी सगळी पाठीखाली पसरली होती. तिला कूसही बदलून मिळाली नव्हती.

"आई! हाक का नाही मारलीस?"

"तुझी परीक्षा होती."

"हाक मारलीस ना तू? मला ऐकू नाही आली. मारली होतीस ना?"

"नाही मारली," ती म्हणाली.

खरं काय ते मला आजही माहीत नाही. ती गेली तोवर मी तिला चार-पाच वेळा विचारलं, आणि दर वेळी तिनं तेच सांगितलं.

मी तिला पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. पाठ लाल झाली असणार, हात लागला की ती श्वास आत ओढत होती. मला तिचा राग येत होता. पुसताना, पावडर लावताना, सगळा वेळ राग येत होता. माझं मशीन मुकं केलं म्हणून, आणि तीन तास गप्प पडून राहिली म्हणून. यातलं एक तरी तिनं करायला नको होतं.

बाराव्या दिवशी पत्र आलं. मला घेतलं होतं. दादानं ते ऐकलं आणि म्हणाला, "लॅपटॉप घेऊन जा दुकानातला. मराठी आवाज मी स्वतः टाकून देतो." मी नको म्हटलं. पुण्यातल्या पहिल्या पगारातून मी माझा घेतला. कीबोर्डवर हात फिरवून, दुकानदाराला तासभर उभा करून, प्रत्येक आवाज ऐकून घेतला. दादाशी नीट बोलायला मला तीन वर्षं लागली. रेहानाला त्यानं काढलं नाही. आईसाठी सुशीलाबाई म्हणून एक बाई ठेवली.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. दादा बॅग ठेवून आला होता. मी आईच्या पाया पडायला वाकले तर तिनं उजव्या हातानं माझं मनगट धरलं. मी म्हटलं, "आई, गाडीची वेळ झाली." ती सोडेना. दादा दारातून म्हणाला, "आई, सोड गं तिला." तरी सोडेना. त्या एका हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. मनगट दुखायला लागलं.

मग मी दुसऱ्या हातानं तिची बोटं एकेक करून सोडवली. करंगळीपासून सुरुवात केली. अंगठा शेवटी सुटला.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली.